बिग स्टारचा चार सीडींचा बॉक्स : घ्यावा का, आणि त्याआधी काय ऐकावं

सरळ मुद्द्यावर येते. 'कीप ॲन आय ऑन द स्काय' हा बिग स्टार या बँडचा बॉक्स सेट, ऱ्हायनो कंपनीने सप्टेंबर २००९ मध्ये काढलेला, चार सीडी, ९८ ट्रॅक आणि सोबत एक पुस्तक. मी सेकंडहँड घेतला, पैसे बऱ्यापैकी गेले आणि पूर्ण वसूल झाले. पण हा बँड तुम्ही अजून ऐकलाच नसेल तर पहिली खरेदी ही करू नका, आधी त्यांचे पहिले दोन अल्बम ऐका, ते आवडले आणि परत परत लावावेसे वाटले तरच इकडे वळा. का ते खाली लिहिलंय, जरा लांबलंय पण या बँडबद्दल मराठीत फारसं कोणी लिहीत नाही म्हणून सगळंच सांगते.

बिग स्टार म्हणजे अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातल्या मेम्फिस शहरातली चार पोरं. ॲलेक्स चिल्टन आणि ख्रिस बेल हे दोघं गिटार वाजवणारे, गाणारे आणि लिहिणारे, बासवर अँडी हमेल आणि ड्रम्सवर जोडी स्टीफन्स. १९७१ ला बँड जमला, १९७४ च्या शेवटापर्यंत जवळजवळ संपला, या काळात तीन अल्बम रेकॉर्ड झाले आणि त्यातला तिसरा तर दुकानात यायला १९७८ उजाडलं. पहिला अल्बम दहा हजार प्रतीसुद्धा खपला नाही, दुसरा वीस हजारांच्या आसपास. अमेरिकेच्या बाजारात हे आकडे म्हणजे काहीच नाही. आणि तरीही पुढच्या वीस वर्षांत गिटार घेऊन गाणी लिहिणारे किती बँड यांचं नाव घेतात बघा, आर ई एम, द रिप्लेसमेंट्स, टीनएज फॅनक्लब, द पोझीज. रिप्लेसमेंट्सनी तर १९८७ मध्ये एका गाण्याचं नावच 'ॲलेक्स चिल्टन' ठेवलं. बँगल्सनी १९८६ मध्ये यांचंच 'सप्टेंबर गर्ल्स' गायलं. आपल्याकडे केबलवर 'दॅट सेव्हंटीज शो' बघितलेल्यांनी यांचं एक गाणं नकळत ऐकलेलंच आहे, त्या मालिकेचं टायटल साँग म्हणजे पहिल्या अल्बममधलं 'इन द स्ट्रीट', फक्त मालिकेत ते दुसऱ्यांनी गायलंय.

आता या बँडबद्दल एक दंतकथा कायम सांगितली जाते. शापित बँड, वेडे कलावंत, दारू, भांडणं, नैराश्य, तरुण वयात मृत्यू, वगैरे. हे सगळं झालं, खोटं काही नाही. पण मला या बॉक्सचं सगळ्यात मोठं मोल हेच वाटतं की चार सीडी ओळीने ऐकल्या की दंतकथा बाजूला पडते आणि काम ऐकू यायला लागतं. काय मेहनत घेतलीये या पोरांनी! डेमो म्हणजे गाण्याची कच्ची रेकॉर्डिंग, तालीम, एकाच गाण्याचे दोन दोन मिक्स म्हणजे आवाज आणि वाद्यं पुढे मागे करून केलेल्या जुळण्या, बदललेले शब्द. नुसतं वेड असतं तर इतकं नेटकं काम झालं नसतं.

पहिली सीडी बँडच्याही आधीपासून सुरू होते. ख्रिस बेलने कॉलेजच्या वयात केलेले प्रयोग, आइसवॉटर आणि रॉक सिटी या नावांनी मित्रमंडळींबरोबर रेकॉर्ड केलेलं, चिल्टनचं स्वतःचं एकट्याचं एक गाणं. यात महान असं काही नाहीये, पण हे ऐकताना एक गोष्ट लगेच कानात शिरते, रेकॉर्डिंगचा दर्जा. विशीतल्या हौशी पोरांचं टेप इतकं स्वच्छ कसं? त्याचं उत्तर म्हणजे जॉन फ्राय. आर्डेंट स्टुडिओचा मालक आणि इंजिनियर. याने पोरांना मशिनं कशी वापरायची ते शिकवलं आणि स्टुडिओ रिकामा असला की, म्हणजे बहुतेक रात्री, त्यांना आत काम करू दिलं. हा काही फुटकळ स्टुडिओ नव्हता, स्टॅक्स या रेकॉर्ड कंपनीचं जास्तीचं काम तिथे यायचं, लेड झेपलिनच्या तिसऱ्या अल्बमचं मिक्सिंग तिथे झालंय. अशा ठिकाणी विशीतल्या पोरांना फुकट रात्री मिळाल्या म्हणून तो आवाज आहे. ॲकूस्टिक गिटारच्या तारांची ती चमक आणि जोडी स्टीफन्सचे ड्रम्स, प्रत्येक थाप सुटी सुटी ऐकू येते, हेडफोन लावून ऐका म्हणजे मी काय म्हणतेय ते कळेल. माझ्या मते फ्राय या बँडचा पाचवा माणूस आहे आणि त्याचं नाव चौघांच्या जोडीनेच घेतलं पाहिजे.

बँडचं नाव आलं स्टुडिओजवळच्या एका किराणा सुपरमार्केटवरून, बिग स्टार नावाची दुकानांची साखळी होती तिकडे. आणि पहिल्या अल्बमचं नाव ठेवलं 'नंबर वन रेकॉर्ड'. १९७२ साली आला. बेल आणि चिल्टनने बहुतेक गाणी बीटल्सच्या लेनन मॅकार्टनीसारखी दोघांच्या नावावर टाकली, एकाचा आवाज कडक आणि उंच, दुसऱ्याचा मऊ. चिल्टन तोवर स्टार होऊन गेलेला माणूस होता हे लक्षात घ्या. १९६७ मध्ये सोळाव्या वर्षी त्याने बॉक्स टॉप्स नावाच्या ग्रुपमधून 'द लेटर' गायलं, दोन मिनिटांपेक्षाही छोटं गाणं, अमेरिकेत चार आठवडे पहिल्या नंबरवर. तो आवाज ऐकलात तर चाळिशीतला घोगरा माणूस वाटेल. पण त्या ग्रुपमध्ये गाणी कुठली, वाजवणार कोण, सगळं निर्माते ठरवायचे, त्याला कंटाळून तो १९७० मध्ये सोडून निघाला. म्हणजे बिग स्टारमध्ये तो आला तो यश बघून, त्याचा वीट येऊन आलेला होता, आणि बेलला मात्र ते यश अजून हवं होतं. दोघांच्या पुढच्या वागण्याचं बरंचसं कारण इथेच आहे असं मला वाटतं.

'थर्टीन' या गाण्याबद्दल वेगळं काय लिहू. शाळकरी वयातलं प्रेम, दोन ॲकूस्टिक गिटार, ड्रम्स नाहीत, अडीच मिनिटं. जास्त काहीच केलेलं नाही आणि कमीही काही पडत नाही. 'द बॅलड ऑफ एल गूडो' मधले एकावर एक चढवलेले आवाज ऐका. आणि हो, यात 'द इंडिया साँग' नावाचं एक गाणं आहे, अँडी हमेलने लिहिलेलं, बासरीसारख्या सुरांचं. त्याच्या स्वप्नातला भारत म्हणजे जंगलात मोठं पांढरं घर, हातात जिन, समोर पियानो. साहेबाच्या बंगल्यातला भारत आहे तो, आपल्या ओळखीचं त्यात काही नाही, तरी चाल गोड आहे आणि या अल्बममध्ये दोन जोरकस गाण्यांच्या मधे ते बरोब्बर बसतं. मी ते कधी पुढे ढकलत नाही.

इथे बॉक्सची पहिली खोट सांगते. या सीडीवर 'नंबर वन रेकॉर्ड' मधली बरीचशी गाणी मूळ अल्बमच्या मिक्समध्ये नाहीत, वेगळे मिक्स घातलेत. ज्याला मूळ पाठ आहे त्याला मजा येते, अरे इथे गिटार पुढे आलीये, इथे आवाज जरा मागे गेलाय, असं सारखं होत राहतं. पण नवीन माणसाला मूळ काय होतं तेच कळत नाही. म्हणून म्हटलं आधी मूळ अल्बम घ्या. बॉक्स काढणाऱ्यांनी एक सीडी वाढवून मूळ मिक्स जसेच्या तसे दिले असते तर मी आज सगळ्यांना डोळे मिटून घ्या म्हणाले असते.

बरं मग इतका चांगला अल्बम बुडाला कसा. समीक्षकांनी तर डोक्यावर घेतला होता. कारण अगदी साधं आणि संतापजनक आहे, दुकानात मालच नव्हता. अल्बम आर्डेंटनेच काढला होता आणि त्याचं वितरण स्टॅक्सकडे होतं. स्टॅक्स म्हणजे ओटिस रेडिंग, आयझॅक हेज, सोल संगीताची मोठी कंपनी, त्यांची सगळी पोहोच त्या संगीताच्या दुकानांत आणि रेडिओ स्टेशनांत, गोऱ्या पोरांचा गिटार बँड कुठे आणि कसा विकायचा याची घडी त्यांच्याकडे बसलेली नव्हती. रेडिओवर गाणं लागायचं, लोक दुकानात जाऊन विचारायचे, रेकॉर्ड नाही. आपल्याकडे मराठी सिनेमाला चांगले शो मिळत नाहीत, लोक बघू म्हणेपर्यंत थिएटरातून गेलेला असतो, तोच प्रकार. मग स्टॅक्सने कोलंबियाशी करार केला, आता तरी मोठी कंपनी माल पोचवेल असं सगळ्यांना वाटलं, तर कोलंबियाला जुन्या छोट्या वितरकांशी काही देणंघेणं नको होतं आणि ज्या काही प्रती दुकानात होत्या त्यासुद्धा उचलल्या गेल्या! ज्याने हा करार घडवला तो कोलंबियाचा प्रमुख क्लाइव्ह डेव्हिस, त्याला मे १९७३ मध्ये कंपनीने काढून टाकलं, झालं, मग तर विचारायलाच नको. दुसऱ्या अल्बमच्या वेळी पुन्हा तेच, कोलंबिया आणि स्टॅक्सचं बिनसलेलं होतं आणि मधे रेकॉर्ड अडकली. डिसेंबर १९७५ मध्ये स्टॅक्सचंच दिवाळं निघालं. हे सगळं वाचलं की 'लोकांना त्यांचं संगीत कळलं नाही' हे वाक्य मला चीड आणतं. लोकांपर्यंत ते पोचलंच नव्हतं तर कळणार काय?

ख्रिस बेल हे सहन करू शकला नाही. अल्बमवर सगळ्यात जास्त रात्री त्याने घालवल्या होत्या, आवाज कसा असावा ही दृष्टी बरीचशी त्याची होती, आणि समीक्षक मात्र चिल्टन चिल्टन करत होते कारण त्याचं नाव आधी झालेलं. १९७२ संपेपर्यंत बेल बाहेर पडला. बँड म्हणजे तसा संपल्यातच जमा होता. मे १९७३ मध्ये आर्डेंटच्या जॉन किंगने मेम्फिसला देशभरातले रॉकवर लिहिणारे लोक बोलावून एक संमेलन भरवलं, तिथे उरलेले तिघं वाजवायला उभे राहिले आणि एरवी हाताची घडी घालून उभे राहणारे हे समीक्षक चक्क नाचले. त्या रात्रीमुळे दुसरा अल्बम झाला, असं म्हणायला हरकत नाही.

तो म्हणजे 'रेडिओ सिटी', फेब्रुवारी १९७४. मला विचाराल तर हा त्यांचा सगळ्यात चांगला अल्बम. बेलची घासूनपुसून केलेली सफाई गेली, तीन माणसांचा मोकळा, थोडा तिरका आवाज आला. 'ओ माय सोल' पाच मिनिटांच्या वर चालतं आणि सारखं वाटतं आता कोसळेल, आता कोसळेल, आणि स्टीफन्स प्रत्येक वेळी सावरून घेतो. 'सप्टेंबर गर्ल्स' तीन मिनिटांच्या आत संपतं आणि पॉप गाण्याकडून अजून काय पाहिजे असतं मला माहीत नाही, घंटेसारखी वाजणारी गिटार, उदास शब्द आणि तरी पाय थांबत नाहीत. दुसऱ्या सीडीवर हे सगळं आहेच, शिवाय 'डेझी ग्लेझ' ची तालमीतली आवृत्ती आहे, तिच्यासाठी मी या सीडीला सगळ्यात जास्त मार्क देईन. मूळ गाणं हळू सुरू होऊन मधेच उसळतं. तालमीत तो बदल अजून शोधत असतात, कुठे थांबायचं, कोणी कोणाकडे बघून सुरू करायचं, हे ऐकताना तीन माणसं एका खोलीत उभी आहेत असं स्पष्ट दिसतं. अल्बमच्या कव्हरवर विल्यम एगलस्टनचा लाल छताचा, मधे बल्ब असलेला फोटो आहे. एगलस्टन तेव्हा मेम्फिसमधला चिल्टन कुटुंबाच्या ओळखीचा माणूस, पुढे रंगीत फोटोग्राफीतलं फार मोठं नाव झाला.

अँडी हमेलने हा अल्बम होताच बँड सोडला. कॉलेज पूर्ण करायचं होतं. पुढे तो टेक्सासमध्ये लॉकहीड मार्टिनमध्ये नोकरीला लागला, संसार केला. रॉकच्या पुस्तकात अशा माणसाला एक ओळ मिळते आणि तीसुद्धा 'बँड सोडला' एवढीच. मला तो निर्णय शहाणपणाचा वाटतो. बावीस तेवीस वर्षांचं वय, दोन अल्बम दोन्ही वेळा गोदामात अडकलेले, आणि समोर सरळ आयुष्याचा रस्ता.

ख्रिस बेलची दोन गाणी या बॉक्समध्ये घेतलीत, 'आय ॲम द कॉसमॉस' आणि 'यू अँड युवर सिस्टर', आणि त्यासाठी संपादकांचे मनापासून आभार, कारण ती तांत्रिकदृष्ट्या बिग स्टारची नाहीत. बँड सोडल्यावर बेल नैराश्यात होता, धर्माकडे वळला, भावाने त्याला युरोपात नेलं, फ्रान्समधल्या शॅतो देरूव्हिल स्टुडिओत काम केलं, लंडनमध्ये बीटल्सचा इंजिनियर जेफ एमरिक याच्याकडून मिक्सिंग करून घेतलं. एवढं करून एकाही कंपनीने हात दिला नाही. मेम्फिसला परत येऊन तो घरच्या रेस्टॉरंटमध्ये काम करायला लागला. १९७८ मध्ये ख्रिस स्टेमी नावाच्या तरुण संगीतकाराने स्वतःच्या छोट्या लेबलवर ही दोन गाणी एका सिंगलच्या, म्हणजे दोनच गाण्यांच्या छोट्या रेकॉर्डच्या, दोन बाजूंना काढली, बेलच्या हयातीत त्याच्या एकट्याच्या नावावर निघालेली रेकॉर्ड ती एवढीच. त्याच वर्षी २७ डिसेंबरला पहाटे मेम्फिसमध्ये त्याची गाडी खांबावर आदळली. वय २७. त्याचा एकट्याचा अल्बम १९९२ मध्ये निघाला, म्हणजे चौदा वर्षांनी. 'यू अँड युवर सिस्टर' मध्ये मागचा आवाज चिल्टनचा आहे हे लक्षात ठेवून ऐका. भांडणं झाली होती ती झाली होती, पण तो गायला आलाय, आणि काय हळुवार गायलाय.

आता तिसरी सीडी, आणि माझ्या मते पैसे इथेच वसूल होतात. तिसरा अल्बम, ज्याला कोणी 'थर्ड' म्हणतं कोणी 'सिस्टर लव्हर्स', १९७४ च्या हिवाळ्याच्या सुमारास आर्डेंटमध्ये रेकॉर्ड झाला, निर्माता जिम डिकिन्सन. बँडमधले दोघंच उरले होते, चिल्टन आणि स्टीफन्स, बाकी येणारे जाणारे वाजवणारे, चिल्टनची मैत्रीण लीसा ऑल्ड्रिज, एका गाण्यात स्टॅक्सचा गिटारवादक स्टीव्ह क्रॉपर, 'नेचर बॉय' मध्ये पियानोवर तोच फोटोग्राफर एगलस्टन. व्हायोलिनवर नोएल गिल्बर्ट, ज्याच्या नावाने 'स्ट्रोक इट नोएल' हे गाणं आहे, आणि या बॉक्सचं नावही त्याच गाण्यातल्या शब्दांवरून घेतलंय. फ्राय आणि डिकिन्सन टेप घेऊन कंपन्यांचे उंबरे झिजवून आले, कोणी घेतलं नाही. १९७८ ला एका छोट्या कंपनीने काढलं तेव्हा गाण्यांचा क्रम काय असावा हेसुद्धा ठरलेलं नव्हतं, प्रत्येक आवृत्तीत वेगळा आहे.

या अल्बमबद्दल नेहमी ऐकायला मिळतं की हा एका कोसळत्या माणसाचा अल्बम आहे, गाणी अर्धवट, सूर सुटलेले, मुद्दाम बिघडवलेलं सगळं. 'होलोकॉस्ट' किंवा 'कँगरू' ऐकलं की ते खरं वाटतंही. 'कँगरू' मध्ये ड्रम्स जणू शेजारच्या खोलीतून रस्ता चुकून आलेत, गिटार ओरडतेय. पण या बॉक्समध्ये चिल्टनचे त्याआधीचे डेमो आहेत, एकटा माणूस आणि गिटार किंवा पियानो, आणि ते ऐकल्यावर माझं मत पक्कं झालं. 'थँक यू फ्रेंड्स', 'नाइटटाइम', 'ब्लू मून', 'टेक केअर', सगळी गाणी पहिल्यापासून पूर्ण आहेत. चाल पूर्ण, शब्द पूर्ण, आवाज स्थिर, कुठेही अडखळणं नाही. म्हणजे जे मोडलेलं ऐकू येतं ते स्टुडिओत नंतर, समजून उमजून मोडलंय, डिकिन्सनबरोबर बसून, कार्ल मार्शने लिहिलेल्या तंतुवाद्यांच्या मागे पुढे जागा सोडून. आयुष्यात त्याचं काय चाललं होतं ते चाललं होतं, दारू होती, गोळ्या होत्या, लीसाशी खटके होते, पण माइकसमोर बसलेला माणूस आपण काय करतोय हे जाणणारा होता. कलावंताचं दुःख मोठं करून सांगताना त्याची कारागिरी आपण खाऊन टाकतो, आणि हे डेमो ती परत मिळवून देतात. आणि एवढ्या अंधारात जोडी स्टीफन्सने लिहिलेलं 'फॉर यू' हे साधं प्रेमगीतही आहे, त्यातली तंतुवाद्यांची कल्पना चिल्टनला आवडली म्हणून ती पुढे बाकी गाण्यांत पसरली असं सांगतात. १९८४ मध्ये इंग्लंडच्या धिस मॉर्टल कॉइल या संचाने 'कँगरू' आणि 'होलोकॉस्ट' गायली तेव्हा कुठे तिकडच्या नव्या पिढीला हा अल्बम सापडला.

चौथी सीडी लाइव्ह. जानेवारी १९७३, मेम्फिसचं लाफायेट्स म्युझिक रूम, बेल नुकताच गेलेला, तिघंच स्टेजवर. लोक आले होते आर्ची बेल अँड द ड्रेल्स या सोल ग्रुपसाठी, यांना फक्त आधी वाजवायला ठेवलं होतं. गाणं संपलं की चार टाळ्या येतात आणि मागे गप्पा आणि ग्लासांचा आवाज चालूच. आवाजाचा दर्जा ठीकठाक आहे, स्टुडिओच्या सीडींनंतर जरा कोरडा वाटतो. पण वाजवणं बघा ना! कोणी लक्ष देत नाहीये आणि हे लोक टी रेक्स, किंक्स, फ्लाइंग बरिटो ब्रदर्सची गाणी मधे मधे पेरत, स्वतःची नवी गाणी, जी अजून रेकॉर्डही झालेली नाहीत, जीव तोडून वाजवतायत. स्टीफन्स आणि हमेलची जोडी किती घट्ट होती हे स्टुडिओपेक्षा इथे जास्त कळतं. ही सीडी रोज लावाल अशी नाही, पण एकदा पूर्ण, सलग ऐका.

पुस्तकाबद्दल थोडक्यात. फोटो भरपूर आहेत, लेख चांगले आहेत, रॉबर्ट गॉर्डनला यातल्या लेखनासाठी ग्रॅमी मिळालं आणि ते योग्यच झालं, मेम्फिस शहर त्याला आतून माहीत आहे ते ओळीओळीतून दिसतं. मला यात फ्राय आणि स्टुडिओबद्दल अजून तपशील चालला असता, कुठल्या मायक्रोफोनने काय केलं वगैरे, पण ते सगळ्यांना नको असेल.

बॉक्स आला तेव्हा चिल्टन जिवंत होता ही मोठी गोष्ट. मधल्या काळात त्याने न्यूयॉर्कला सीबीजीबी या क्लबच्या दिवसांत वाजवलं, क्रॅम्प्स या बँडच्या सुरुवातीच्या रेकॉर्ड्सची निर्मिती केली, टॅव्ह फाल्कोबरोबर पँथर बर्न्स या बँडमध्ये गिटार वाजवली, मग १९८२ मध्ये न्यू ऑर्लिन्सला गेला, दारू सोडली आणि काही काळ हॉटेलात भांडी घासली, झाडं छाटायचं काम केलं. 'द लेटर' गाणारा माणूस! आणि त्याबद्दल त्याने कधी रडगाणं गायलं नाही. एप्रिल १९९३ मध्ये मिझुरी विद्यापीठाच्या रेडिओवाल्या विद्यार्थ्यांनी विचारलं म्हणून तो आणि स्टीफन्स पोझीजच्या जॉन ऑअर आणि केन स्ट्रिंगफेलोला घेऊन परत बिग स्टार म्हणून उभे राहिले, आणि हा नवा संच बँडच्या मूळ आयुष्याच्या कितीतरी पट जास्त टिकला. २००५ मध्ये 'इन स्पेस' नावाचा अल्बमही काढला, तो मला फार आवडला नाही, त्याच वर्षी कॅटरिना वादळात चिल्टनला हेलिकॉप्टरने घरातून काढावं लागलं. १७ मार्च २०१० ला तो हृदयविकाराने गेला, तीन दिवसांनी ऑस्टिनच्या साउथ बाय साउथवेस्ट या महोत्सवात बिग स्टारचा कार्यक्रम होता. तो बाकीच्यांनी श्रद्धांजली म्हणून केला, हमेल त्यात येऊन वाजवून गेला आणि जुलैमध्ये तोही कॅन्सरने गेला. डिकिन्सन तर बॉक्स यायच्या महिनाभर आधीच, ऑगस्ट २००९ मध्ये. फ्राय डिसेंबर २०१४ मध्ये.

राहिला जोडी स्टीफन्स. १९८७ पासून तो आर्डेंटमध्येच कामाला, ऑफिस सांभाळणारा, नव्या बँडना स्टुडिओ दाखवणारा माणूस. 'थर्ड' चं संगीत ऑर्केस्ट्रासकट स्टेजवर आणायचे कार्यक्रम झाले, तेच ख्रिस स्टेमी, आर ई एमचा माइक मिल्स वगैरे मंडळी होती, त्यातही ड्रम्सवर हाच. ल्यूथर रसेलबरोबर दोज प्रिटी राँग्ज नावाचा नवा बँड काढून २०१६ मध्ये त्यांचा अल्बमही आणला, त्यात तो पुढे येऊन गातो. बेल आणि चिल्टनवर पानंच्या पानं लिहिली गेली पण बँडचं घर इतकी वर्षं कोणी झाडून पुसून ठेवलं असेल तर ते याने. यावर कोणीतरी सविस्तर लिहायला पाहिजे.

तर खरेदीचं असं करा. सुरुवात करायची तर 'नंबर वन रेकॉर्ड' आणि 'रेडिओ सिटी' हे दोन्ही एकाच सीडीवर मिळतात, तेवढं पुरे. रेकॉर्ड प्लेयर असेल तर २०२० मध्ये क्राफ्ट कंपनीने या दोन्हींच्या १८० ग्रॅमच्या नव्या प्रती काढल्यात, मेम्फिसमध्येच जेफ पॉवेलने कटिंग केलेलं आहे. 'थर्ड' चंच वेड लागलं तर २०१६ चा ऑम्निव्होर कंपनीचा तीन सीडींचा 'कम्प्लीट थर्ड' बघा, डेमोंच्या बाबतीत तो या बॉक्सपेक्षाही पूर्ण आहे. आणि हे सगळं ऐकूनही पोट भरलं नाही तर हा बॉक्स. सेकंडहँड घेताना दोन गोष्टी विचारून घ्या, पुस्तक सोबत आहे ना आणि चारही सीडी आत आहेत ना, कारण लाइव्हची सीडी गायब असलेले बॉक्स विकायला आलेले मी बघितलेत आणि विकणारे ते आपणहून सांगत नाहीत. आयात करून मागवत असाल तर कस्टम्स आणि पोस्टेज धरून हिशोब करा, बऱ्याचदा तेवढ्यात वर सांगितलेले दोन्ही अल्बम रेकॉर्डवर येतात.